सुरक्षा साधनं वाटली, सह्या घेतल्या, तरी कायदा पाळला गेला नाही: या चुका टाळा

हेल्मेट, बूट, हातमोजे वाटले, रजिस्टरवर सह्या घेतल्या, की मालकाची जबाबदारी संपली असं सर्रास समजलं जातं. सगळ्यात मोठी चूक हीच. धोका कोणता, त्याला हे साधन चालतं का, त्या माणसाच्या अंगाला ते नीट बसतं का आणि कसं वापरायचं हे त्याला शिकवलं का, हेही अनेक देशांचे कायदे विचारतात. अमेरिकेत तर धोक्यांची पाहणी केल्याचं लेखी प्रमाणपत्र ठेवावं लागतं.

त्यामुळे खरेदीच्या यादीआधी कामाची जागा बघा. धूळ निघते तिथेच ओढून घेता येईल का? यंत्राला गार्ड बसेल का? हे सगळं करून उरलेल्या धोक्यासाठी पीपीई, म्हणजे अंगावर घालायची सुरक्षा साधनं असतात.

बुटांचे पैसे पगारातून कापू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करार क्रमांक १५५ मध्ये स्पष्ट आहे की सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये.

खरेदीत हमखास फसवणारा शब्द म्हणजे ‘आयएसओ कंपनी’. आयएसओ ९००१ हे कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. तिचं हेल्मेट डोकं वाचवेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. वस्तूवरचा मानक क्रमांक बघा: हेल्मेटवर आयएस (भारतीय मानक) २९२५ किंवा ईएन (युरोपीय मानक) ३९७, सेफ्टी बुटांवर आयएस १५२९८ (भाग २) किंवा आयएसओ २०३४५. बुटांच्या बाबतीत आयएसओ २०३४७ दिसलं तर थांबा. त्या मानकात पायाच्या बोटांवरची संरक्षक टोपी सक्तीची नाही. २०३४५ मध्ये ती २०० जूलचा आघात सोसणारी लागते.

आता प्रत्यक्ष कामावर येणाऱ्या तक्रारी.

हातमोजा फाटलेला नाही, तरी हाताची आग होते. ईएन ३८८ चे आकडे घासणं, कापणं, फाटणं आणि टोचणं एवढ्यापुरते आहेत. तिथे ‘एक्स’ असेल तर ती चाचणी झालेली नाही. रसायन अख्ख्या मोज्यातूनही हळूहळू आत झिरपतं. त्यासाठी आयएसओ ३७४ बघा, आणि चिन्हाखालच्या अक्षरांत (एकेक अक्षर म्हणजे एक रसायन) तुमचं रसायन आहे का तेही तपासा. ‘टाइप ए’ म्हणजे यादीतल्या किमान ६ रसायनांना प्रत्येकी ३० मिनिटं तरी अडवणारा मोजा. दिवसभर तोच घालून चालेल असा त्याचा अर्थ नाही.

मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते. बहुतेक वेळा नाकाजवळून हवा निसटत असते, म्हणजे धूळही तिथूनच आत येते. पट्टी दाबून बसवा, दुसरा आकार बघा, फिट टेस्ट (मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का याची चाचणी) करून घ्या. दाढीचे खुंटही ही पकड मोडतात.

नवा मास्क आहे, तरी थिनरचा वास येतो. एफएफपी२ किंवा एन९५ मास्क हे कणांसाठी आहेत, वाफेसाठी योग्य कार्ट्रिज (मास्कला लावायची, वाफ शोषणारी डबी) लागतं. आणि ज्या टाकीत उतरून काम करायचं तिथे ऑक्सिजनच कमी असेल तर कार्ट्रिजचाही उपयोग नाही. बाहेरून हवा पुरवणारं साधन हवं. इथली चूक जीव घेते, म्हणून टाकीत उतरण्याआधी हवा मोजायलाच हवी.

उंचीवरच्या कामाला हार्नेस (पडताना झेलणारे अंगाला बांधायचे पट्टे) आहे, पण खाली जागा किती? हा हिशेब फार थोड्या ठिकाणी होतो. दोरी २ मीटर, झटका शोषणारा भाग उघडून १.७५ मीटरपर्यंत, हार्नेसच्या कडीपासून पायापर्यंत साधारण १.५ मीटर, शिवाय १ मीटर राखीव: हूक अडकवला त्याखाली सव्वासहा मीटर मोकळे लागतात. हूक ४ मीटरवर असेल तर हार्नेस घातलेला माणूसही जमिनीवर आदळू शकतो. तिथे आखूड दोरी किंवा पडताक्षणी लॉक होणारा रिट्रॅक्टेबल ब्लॉक वापरा, जमेल तितका वर अडकवा. नुसता कमरपट्टा पडणाऱ्याला झेलण्यासाठी कधीच वापरू नका.

कामगार साधन सारखं काढून ठेवतो. दंड लावण्याआधी त्याला कारण विचारा. पुरुषांच्या मापाचे मोजे बाईच्या हातात सैल पडतात, गॉगल हेल्मेटच्या कडेला अडतो, कानावरचा इअरमफ इतका आवाज अडवतो की फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येत नाही. अशा वेळी माप किंवा मॉडेल बदलून द्या, आणि पुढच्या खरेदीआधी दोन-तीन नमुने त्यांच्याकडूनच वापरून घ्या.