दिवाळी, नोकरी आणि घर: तयारीतल्या या चुका टाळा

दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत नोकरदार घरांची दमछाक होते, ती कामं खूप असतात म्हणून होतेच. पण ती सगळी कामं एकाच माणसाच्या डोक्यात साठलेली असतात, म्हणून जास्त होते. रवा संपत आलाय, सासूबाईंच्या गोळ्या आणायच्यात, धाकट्याच्या सहामाहीचा भूगोल राहिलाय, भाजणी दळून आणायचीय, आणि ऑफिसात महिनाअखेरचा रिपोर्ट आहे. ते डोकं बहुतेक घरांत बाईचं असतं. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 289 मिनिटं विनामोबदला घरकामात घालवतात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा आकडा 88 मिनिटांचा आहे. ही एरवीच्या दिवसांची सरासरी आहे. त्यावर फराळ, साफसफाई आणि पाहुणे चढले की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून पहिली चूक तीच, जिच्यातून बाकीच्या बऱ्याच निघतात.

काम वाटायचं, पण लक्षात ठेवणं स्वतःकडेच ठेवायचं

‘मला सांग, मी करतो’ असं म्हणणारा नवरा किंवा मुलगा कामाला तयार असतो, हे खरं. पण कधी सांगायचं, काय सांगायचं, झालं का ते विचारायचं, हे सगळं सांगणारीकडेच राहतं. वाटणी करायची तर पूर्ण कामाची करा. आकाशकंदील, पणत्या, तेल-वाती, विजेच्या माळा हे एक खातं. ज्याच्याकडे ते आहे त्यानेच गेल्या वर्षीची माळ लावून पाहायची, किती दिवे गेलेत ते बघायचं, बाजारात जायचं आणि तुळशीबारसेपर्यंत ते सांभाळायचंही. दुसरं खातं प्रवास आणि पाहुण्यांचं. तिसरं भेटी आणि ओवाळणीचं. दहा-बारा वर्षांच्या मुलांकडे उटणं, सुवासिक तेल, साबण आणि रांगोळीचे रंग बिनदिक्कत सोपवता येतात. त्यांनी रंग थोडे भडक आणले तर आणू द्या. सोपवलेलं काम आपल्या मनासारखं झालं नाही म्हणून परत स्वतःकडे घेणं, ही या चुकीचीच दुसरी बाजू आहे.

यादी स्वयंपाकघरात, फ्रिजवर, सगळ्यांना दिसेल अशी लावा. फोनमधली यादी एकट्याचीच राहते.

सुट्टीचा विचार ऑक्टोबरच्या शेवटी करायचा

2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नानही त्याच पहाटे. पाडवा मंगळवारी 10 ला आणि भाऊबीज बुधवारी 11 ला. म्हणजे मधला सोमवार कामाचा, आणि अनेक खासगी कचेऱ्यांत भाऊबीजही कामाचीच. त्या सोमवारवर टीममधल्या सगळ्यांचाच डोळा असणार. सप्टेंबरातच सहकाऱ्यांशी बोलून घ्या: यंदा सोमवार तुमचा, बुधवार माझा. ज्यांच्या घरी नाताळ किंवा ईद मोठी असते, त्यांच्याशी अदलाबदल होऊ शकते, आणि ती दोघांच्याही सोयीची असते.

हिशेबाच्या कामात असणाऱ्यांची गोष्ट आणखी कठीण. लेखापरीक्षण लागणाऱ्या करदात्यांच्या विवरणपत्रांची मुदत सहसा 31 ऑक्टोबरला संपते, म्हणजे यंदा दिवाळीच्या साधारण आठवडाभर आधी. अशा घरात ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या व्यक्तीच्या नावावर घरचं एकही काम ठेवू नका. पुढच्या आठवड्यात द्या.

गावी जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 120 दिवस आधी उघडायचं. 7 नोव्हेंबरच्या गाडीचं तिकीट 8 सप्टेंबरला सकाळी 8 वाजता मिळायला लागेल, आणि यंदा गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. दिवाळीचं तिकीट गणपती येण्याआधी काढावं लागणार, हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. एसटीने जाणार असाल तर महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात मोफत प्रवास, त्यामुळे आजी-आजोबांचं ओळखपत्र बरोबर असू द्या.

मुलांची सुट्टी विसरायची

आई-वडिलांची सुट्टी दोन दिवसांची आणि शाळेची त्याहून कितीतरी लांब. सहामाही संपते, मुलं घरी बसतात, आणि मग रोज सकाळी ‘आज याच्याजवळ कोण थांबणार?’ हा प्रश्न उभा राहतो. पाळणाघरही दिवाळीत बंद असतं. त्यांच्या तारखा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच विचारा. दोघांनी एकाच दिवशी रजा घेण्यापेक्षा पाडव्याव्यतिरिक्तच्या रजा आलटून पालटून घेतल्या तर मुलांचे आणखी दोन-तीन दिवस निभावतात. भाऊबीजेनंतर आजोळी पाठवणं शक्य असेल तर मामाला आधी विचारा. त्याच्याही घरी नोकरी करणारी मामी आहे.

किल्ल्याचं तर मुलांवरच सोडा, पण माती आणि दगड शेवटच्या दिवशी मिळत नाहीत. हळीव किंवा मोहरी पेरली तर हिरवळ दिसायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून वसुबारसेला किल्ला हिरवा हवा असेल तर आदल्या शनिवार-रविवारीच तो उभा राहायला हवा. इमारतीतल्या चार घरांच्या मुलांनी मिळून एकच किल्ला केला की मोठ्यांपैकी एकाने लक्ष ठेवलं तरी पुरतं. माझ्या मते दिवाळीच्या तयारीतला हा सगळ्यात सुंदर भाग आहे, आणि त्यासाठी एक फराळाचा पदार्थ कमी झाला तरी हरकत नाही.

सगळा फराळ एकाच शनिवार-रविवारी

इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. दोन दिवसांत सात पदार्थ उरकायचे ठरतं, रविवारी रात्री अकरा वाजता दमलेल्या हातांनी करंज्या तळल्या जातात, आणि भाजतं ते तेव्हाच. त्यापेक्षा टिकण्याच्या क्रमाने जा. शंकरपाळे, बेसनलाडू, पोह्यांचा चिवडा दोन-तीन आठवडे छान राहतात. ते दोन शनिवार आधी करता येतात. चकली आणि शेव त्यानंतरच्या शनिवारी. ओल्या नारळाच्या करंज्या जेमतेम दोन दिवसांच्या, त्या शेवटी. अनारसे करायचे असतील तर तांदूळ रोज पाणी बदलत तीन दिवस भिजवायचे, कपड्यावर पसरून दमट असतानाच कुटायचे, गुळात कालवून पीठ चांगलं मुरू द्यायचं. म्हणजे तळायच्या आठ-दहा दिवस आधी तांदूळ भिजायला हवेत. एवढा वेळ नसेल तर यंदा अनारसे विकत आणा. बचत गटाच्या बायका ते उत्तम करतात, पण त्यांच्याकडे नोंदणी आधी करावी लागते. शेवटच्या चार दिवसांत त्या नवीन ऑर्डर घेऊ शकत नाहीत.

घरी काय करायचं हे ठरवायला एक साधा प्रश्न पुरतो: आमच्या घरी कोणता पदार्थ आवडीने संपतो? तेवढे दोन-तीन घरी करा. डब्यात तुळशीच्या लग्नापर्यंत उरणारी शेव कुणासाठी तळायची?

परदेशातल्या मुलांना किंवा भावंडांना पाठवायचा फराळ वेगळा धरा. तो किमान तीन आठवडे आधी निघायला हवा, त्यामुळे त्यात फक्त कोरडे, टिकणारे पदार्थ घाला आणि आधी तोच डबा भरा.

घाईत बिघडलंच तर घाबरू नका. चकली तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झालंय. बाजूला ठेवलेली थोडी भाजणी घालून पुन्हा मळा. सोऱ्यातून पडताना तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून मळा. बाहेरून लाल आणि दुसऱ्या दिवशी मऊ, हे तेल फार तापल्याचं लक्षण: आच मध्यम ठेवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. बेसनलाडू टाळ्याला चिकटतो तेव्हा बेसन कच्चं राहिलेलं असतं, आणि साखर घातल्यावर ते सुधारत नाही. म्हणून साखर मिसळण्याआधी चिमूटभर बेसन खाऊन बघा, कच्चट लागलं तर परत मंद आचेवर चढवा. रव्याचे लाडू पाक पुढे गेल्याने कोरडे झाले तर कोमट दुधाचा हबका मारून वळता येतात, पण मग ते दोन-तीन दिवसांतच संपवायचे. मऊ पडलेला चिवडा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतला की पुन्हा कुरकुरीत होतो.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात ओतू नका. गॅस बंद करा आणि घट्ट झाकण ठेवा. हात भाजला तर टूथपेस्ट नको, नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा.

साफसफाई माळ्यापासून सुरू करायची

माळा उघडला की रविवार संपतो आणि घर पहिल्यापेक्षा पसरलेलं दिसतं. देवघर, स्वयंपाकघर, दिवाणखाना एवढं आधी करा. माळा दिवाळीनंतरही आवरता येतो. आणि घाईत संडास-मोरीसाठी ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

कामाच्या मावशींची दिवाळी हिशेबात न धरायची

आपली साफसफाई, आपला फराळ, आपले पाहुणे, आणि त्यासाठी मावशींनी रोज तासभर जास्त थांबायचं, असं बऱ्याच घरांत गृहीतच धरलेलं असतं. त्यांनाही घरी जाऊन चकल्या तळायच्या असतात. जादा कामाचे जादा पैसे आधी ठरवा आणि त्यांच्या सुट्ट्या स्वतःहून विचारून यादीत लिहा. कारखान्यांत आणि कंपन्यांत कायद्याने किमान बोनस 8.33 टक्के, म्हणजे वर्षातला एक महिन्याचा पगार. घरकाम करणाऱ्यांना तो कायदा लागू नाही, पण शहरांत रीत एका पगाराचीच आहे. तो पगार लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हातात ठेवून उपयोग नाही. मुलांचे कपडे त्यांना त्याआधी घ्यायचे असतात. वसुबारसेच्या आधी द्या.

तरीही वेळ कमी पडला तर

दिवाळीला चार दिवस उरलेत आणि अर्धी यादी बाकी आहे, असं झालं तर काय सोडायचं ते ठरलेलं असावं. मी सोडीन या क्रमाने: माळा, नवे पडदे, चौथा फराळाचा पदार्थ, शेवटच्या रविवारची दादरची किंवा लक्ष्मी रोडची खरेदी. जे राहू द्यायचं नाही त्यात घरातल्या ज्येष्ठांची रोजची औषधं पहिली. दुकानं बंद असतात, डॉक्टर गावी जातात, म्हणून पंधरा दिवसांचा साठा महिन्याच्या सुरुवातीलाच करा. गॅसचा भरलेला सिलिंडर दुसरा. आणि भाऊबीजेनंतरच्या गुरुवारी, 12 तारखेला, सकाळी नऊची मीटिंग घेऊ नका. प्रवासातून रात्री उशिरा परतलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं तर निदान पहिले दोन तास रिकामे हवेत. हे ऑफिसात ऑक्टोबरमध्ये सांगितलं तर बहुतेक वेळा मान्य होतं.