पैसा हातात टिकत नाही, हे इंग्रजीत नेमके कसे सांगावे

ठाण्यात नौपाड्यात संध्याकाळी मी नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवतो. तेथे एका विद्यार्थिनीने निबंधात ‘माय मदर इज अ स्पेंडथ्रिफ्ट’ असे लिहिले होते, आणि पुढच्याच ओळीत तीच आई जांभळी नाक्यावर चार भाजीवाल्यांकडे भाव विचारून मग मेथीची जुडी घेत होती. थ्रिफ्ट म्हणजे काटकसर एवढे तिला ठाऊक होते. परंतु या जोडशब्दात थ्रिफ्टचा जुना अर्थ, म्हणजे साठवलेली पुंजी, टिकून राहिला आहे. ती पुंजी खर्चून टाकणारा तो स्पेंडथ्रिफ्ट, म्हणजेच उधळ्या. आईसाठी थ्रिफ्टी किंवा फ्रूगल हा शब्द हवा होता.

असा शब्द निवडण्यापूर्वी पैसा सवयीमुळे उरत नाही की मिळकतच अपुरी आहे, हे आधी ठरवावे. वागळे इस्टेटमध्ये रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला स्पेंडथ्रिफ्ट म्हणणे चूक तर आहेच, शिवाय अन्यायाचेही आहे. त्याच्यासाठी ‘लिव्हिंग फ्रॉम हँड टू माउथ’ हा प्रयोग आहे आणि आपले ‘हातावर पोट असणे’ त्याला अगदी जुळते. ज्याचा पगार बरा आहे, पण घोडबंदर रस्त्यावरील फ्लॅटचा हप्ता, शाळेची फी आणि गाडीचे कर्ज भागवता भागवता महिनाअखेर खाते रिकामे होते, त्याच्याविषयी ‘लिव्हिंग पेचेक टू पेचेक’ म्हणतात. हा अमेरिकी प्रयोग आहे. तेथे अनेकांना दर दोन आठवड्यांनी पगार मिळतो, तरी आपल्या मासिक पगारालाही तो चालतो. इम्पिक्यूनिअस हा भारदस्त शब्द मात्र केवळ ‘पैसा नसलेला’ एवढेच सांगतो. त्यात उधळपट्टीचा आरोप नाही. त्याच्या मुळाशी असलेला पैशाचा लॅटिन शब्द गुराढोरांच्या शब्दावरून आला आहे, हे पशुधन म्हणणाऱ्या आपल्याला फारसे नवल वाटू नये.

दोष सवयीचा असेल तर शब्द पुष्कळ आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. एक्स्ट्रॅव्हगंट हा आपल्या ‘खर्चीक’सारखा माणसालाही लागतो आणि लग्नालाही, म्हणून रोजच्या वापरात तो सर्वांत सोयीचा आहे. प्रॉडिगल म्हणजे उधळा. बायबलमध्ये ल्यूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात वाटणीचा पैसा उडवून घरी परतलेल्या मुलाची गोष्ट आहे आणि तिच्यामुळे ‘परत आलेला’ हाच या शब्दाचा अर्थ असल्याचा समज अनेकांचा होतो. प्रॉफ्लिगेट या शब्दात उधळपट्टीबरोबर बेताल वागण्याचाही ठपका आहे. सरकारी खर्चावरील टीकेत तो शोभतो, पण नातेवाइकाला लावला तर पुढच्या गणपतीत जेवणाचे आमंत्रण येईलच असे नाही.

माझ्या मते बचत न जमणाऱ्या माणसाला सर्वांत नेमका शब्द आहे इम्प्रॉव्हिडंट, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत कमी वापरला जातो. ‘पुढचे पाहणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला आहे. असा माणूस चैनी असेलच असे नाही. तो साधा राहील, मित्रांना उसने देईल, पण आजारपणासाठी किंवा उतारवयासाठी काहीच बाजूला काढणार नाही. शॉपहॉलिक हा शब्द अल्कोहोलिकच्या धर्तीवर बनलेला आहे. तो थट्टेत ठीक, पण खरेदीचे खरोखर व्यसन जडलेल्या माणसासमोर टाळावा.

एखाद्याच वेळेच्या खर्चासाठी माणसाला विशेषण चिकटवू नये, क्रियापद वापरावे. वर्षभर जपून वागणाऱ्या बाईने दिवाळीत राम मारुती रोडवर मनासारखी पैठणी घेतली, तर ‘शी स्प्लर्ज्ड ऑन अ पैठणी’ म्हणावे. त्यात हौस आहे, निंदा नाही. बोनस चार दिवसांत उडवला असेल तर ‘ही ब्ल्यू हिज बोनस’ म्हणतात, आणि त्यात नापसंती असते.

स्वतःविषयी बोलताना ‘आय ॲम बॅड ॲट सेव्हिंग’ पुरेसे असते. मित्रांत ‘मनी बर्न्स अ होल इन माय पॉकेट’ म्हणता येईल, म्हणजे पैसा आला की तो खर्च केल्याशिवाय चैन पडत नाही. ‘अ पुअर सेव्हर’ हाही प्रयोग बरोबर आहे, मात्र त्यातील पुअर म्हणजे गरीब नव्हे, बचतीत कच्चा. लाखभर पगाराच्या माणसालाही तो लावता येतो.