एका अल्बमचे चौदा तुकडे

सीडींवरून फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात उतरवलेली गाणी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलेल्या हार्ड डिस्कवर ठेवली आणि नॅव्हिड्रोम हे आपला गाण्यांचा संग्रह ब्राउझरमधून ऐकवणारं सॉफ्टवेअर बसवलं. ब्राउझरमध्ये पायचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि ४५३३ हा नॅव्हिड्रोमचा पोर्ट क्रमांक टाकताच सगळा संग्रह समोर! पण अनेक गायकांच्या एका अल्बमचे चौदा अल्बम झाले होते.

फोल्डर नीट लावून पाहिले, काही फरक नाही. गडबड टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच साठवलेल्या गाण्याच्या माहितीत होती. माझ्या फाइलींत ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकानाच रिकामा होता, त्यामुळे प्रत्येक गायकाचा वेगळा अल्बम धरला गेला. पिकार्ड या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये चौदाही फाइली निवडून तिथे एकच नाव भरलं. ‘आर्टिस्ट’मधले गायक तसेच ठेवले. मग नॅव्हिड्रोममध्ये पूर्ण स्कॅन पुन्हा चालवलं. अल्बम एकत्र आला.

टॅगना हात लावण्याआधी फाइलींची एक प्रत मात्र काढून ठेवा. सीडी पुन्हा उतरवत बसणं फार जिवावर येतं.