मिगचा आर्क अडखळतोय? आधी नॉबवरचा हात काढा

मिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे ज्यात वायर आपोआप पुढे येत राहते त्या वेल्डिंगमध्ये, आर्क (वायरच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) थरथरायला लागला की माणसाचा हात पहिल्यांदा जातो तो मशीनच्या नॉबवर. व्होल्टेज जरा वर, वायर जरा कमी, परत व्होल्टेज खाली. थोड्या वेळाने आर्क तसाच असतो आणि मूळ सेटिंग काय होतं तेही आठवत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी एकच सांगतो: ज्या सेटिंगवर काल हीच वायर, हाच गॅस आणि हीच जाडी नीट जुळत होती, ते सेटिंग रात्रीतून बिघडत नाही. नॉबवर खडूने खूण करा आणि दुसरीकडे शोधायला लागा.

मिगचं मशीन व्होल्टेज धरून ठेवतं. करंट किती जाणार, हे वायर किती वेगाने पुढे येते यावर ठरतं. वायर क्षणभर अडली की आर्क लांबतो आणि वायर टिपच्या (टॉर्चच्या, म्हणजे हातात धरायच्या वेल्डिंग गनच्या, तोंडातली वायर बाहेर सोडणारी नळी) दिशेने जळत जाते. सुटली की एकदम पुढे येऊन जॉबवर, म्हणजे वेल्ड करायच्या तुकड्यावर, आपटते. म्हणून आर्क अस्थिर झाला म्हणतो तेव्हा बऱ्याचदा अस्थिर झालेली असते ती वायर.

आता कान द्या. पातळ पत्र्यावर शॉर्ट आर्कचा (वायर जॉबला पुन्हा पुन्हा टेकत चालणारा आखूड आर्क) आवाज पत्र्याच्या छपरावर सर पडावी तसा एकसारखा हवा. वायरच्या टोकाला मोठा थेंब धरून फटफट आवाज येत असेल आणि तो कायम तसाच येत असेल, तर व्होल्टेज जास्त किंवा वायर कमी. वायर जॉबवर टेकून टॉर्च मागे ढकलत असेल, तर नेमकं उलट. हे झाले सेटिंगचे दोष, आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखे राहतात. पण आर्क थोडा वेळ सुरेख चालतो, मध्येच अडखळतो आणि पुन्हा आपोआप सुधारतो, तेव्हा सेटिंगकडे बघूच नका. वायरची वाट किंवा करंटची वाट, दोन्हीपैकी एक खराब आहे.

वायरची वाट टॉर्चच्या टोकाकडून तपासत मागे जायचं. टिप काढा, टॉर्च माणसांपासून आणि जॉबपासून लांब धरा आणि वायर सोडा. फीडरवर (वायर पुढे ढकलणारा भाग) इंचिंगचं, म्हणजे करंट न सोडता नुसती वायर पुढे नेणारं, बटण असेल तर तेच वापरा, कारण ट्रिगर दाबला की वायरमध्ये करंट असतो. चष्मा घाला; सुटलेली वायर डोळ्याकडे कधी वळेल सांगता येत नाही. टिपशिवाय वायर सरळ, एका वेगाने येत असेल तर दोषी टिपच. टिपचं भोक घासून लंबगोल झालेलं असतं, वायर आत कधी इकडे टेकते कधी तिकडे, आणि आतल्या आत ठिणग्या पडून चिकटते. अशी टिप कानस मारून वाचवायची कसरत करू नका, बदला. नवी टिप वायरच्या मापाचीच हवी आणि पक्की आवळलेली हवी. ढिली टिप तापते.

टिप काढूनही वायर झटके खात असेल तर मशीन बंद करून फीडरच्या रोलरचा दाब सोडा आणि टॉर्चच्या टोकाकडून वायर हाताने ओढा. हाताला खरखर लागली की समजा लायनर, म्हणजे केबलच्या आतली वायरची नळी, भरलाय. तांब्याची भुकटी, लोखंडाची कीस, धूळ, सगळं तिथे जमतं. केबलची वेटोळी सोडवून ती सरळ अंथरा, वायर बाहेर काढा आणि कोरडी हवा मारा. स्पूल (वायरचं रीळ) बदलताना दर वेळी हे केलं तर बरंच दुखणं टळतं. तेल मात्र सोडू नका. त्याने धूळ आणखी चिकटते आणि बीडमध्ये, म्हणजे वेल्डच्या रेघेत, भोकं पडतात. नवा लायनर आखूड कापला गेला असेल तर पुढच्या टोकाला फट राहते आणि वायर तिथे अडते, तेही बघा.

लायनर भरला की लोक रोलरचा दाब वाढवतात. मला हे अजिबात पटत नाही. दाबाने वायर चपटी होते, तिची कीस पडते आणि तोच लायनर आणखी भरतो. दाब बघायला टॉर्च लाकडाच्या ठोकळ्यासमोर साधारण ५ सेंटिमीटरवर तिरकी धरून वायर सोडा. वायर लाकडाला लागून वळत राहिली तर पुरे. रोलर घसरला तर पाव फेरा आवळा. खाच वायरच्या मापाची हवी: लोखंडी सॉलिड वायरला व्ही, ॲल्युमिनियमला यू, फ्लक्स कोअर्डला (आत पावडर भरलेली वायर) दातेरी. स्पूलचा ब्रेक इतकाच, की थांबल्यावर वायर सैल पडू नये.

दुसरी वाट करंटची, आणि तिच्याकडे फारच कमी लोक बघतात. अर्थ क्लॅम्प (करंट परत मशीनकडे नेणाऱ्या केबलचा चिमटा) रंगावर, गंजावर किंवा काळ्या पापुद्र्यावर लावलेला असतो, नाहीतर टेबलाला लावलेला असतो आणि जॉब त्याच टेबलावर गंजासकट ठेवलेला असतो. थोडं काम करून मशीन बंद करा आणि क्लॅम्पजवळ हात न्या. गरम लागला तर जोड खराब आहे. ग्राइंडरने चकचकीत धातू काढा आणि क्लॅम्प थेट जॉबला लावा. केबलच्या टोकाचा जोड, म्हणजे लग, तोही आवळून बघा. आर्क कोपऱ्यात किंवा सांध्याच्या शेवटी एका बाजूला ओढला जात असेल तर तो चुंबकीय खेळ आहे. क्लॅम्पची जागा बदला.

वायरचा प्रकार नुकताच बदललाय का? गॅसवर चालणाऱ्या सॉलिड वायरला टॉर्च पॉझिटिव्हवर लागते, बिनगॅसच्या फ्लक्स कोअर्डला बहुतेक वेळा निगेटिव्हवर. स्पूलच्या डब्यावर लिहिलेलं असतं.

गॅसचं थोडक्यात: साधारण १० ते १५ लिटर प्रति मिनिट. त्याहून फार वाढवला तर गॅस भोवरे घेतो आणि हवा आत ओढतो. नोझलमधला स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे थेंब) काढा, पंख्याचं तोंड दुसरीकडे वळवा. शुद्ध सीओटू असेल तर रेग्युलेटर गोठतो, हिटर चालू आहे ना बघा.

हे सगळं ठीक असेल तर हाताकडे बघा. टिपपासून जॉबपर्यंत १० ते १५ मिलिमीटर. हात वर गेला की वायर लांबते, करंट पडतो, आणि दोष मशीनला लागतो.

आता नॉबला हात लावा. एका वेळी एकच. वायरचा वेग तसाच ठेवून व्होल्टेज अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने हलवा आणि प्रत्येक वेळी भंगाराच्या तुकड्यावर बोटभर बीड टाकून ऐका. तरीही आर्क दमत असेल तर काम चालू असतानाच मशीनच्या इनपुटचं व्होल्टेज मोजायला इलेक्ट्रिशियनला सांगा. लांबलचक, बारीक एक्स्टेन्शन केबलवर चांगलं मशीनही गुदमरतं.