काळा थर मारण्याआधी: किनारपट्टीवरच्या गाडीचा तळ गंजापासून वाचवताना

अलिबागपासून मालवणपर्यंतच्या गाड्यांचा तळ पावसापेक्षा मिठाने जास्त खाल्ला जातो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा पुरता सुकत नाही, आणि गंजाच्या पापुद्र्याखाली अडकलेलं मीठ आपलं काम चालूच ठेवतं. अशा पत्र्यावर नुसता काळा अंडरकोट, म्हणजे तळाचा डांबरी थर, मारून घेणं म्हणजे ओल आत कोंडणं. वरून गुळगुळीत दिसतं आणि दोन-तीन पावसाळ्यांनी पोपडा निघाला की हाताला भोक लागतं. म्हणून इथे खरं काम तयारीचं आहे. रंग मारायला त्यामानाने थोडा वेळ लागतो.

हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावं. ते जमलं नाही तर मेच्या मध्यापर्यंत तरी उरकावं. पहाटे पत्र्यावर दव असतं, त्यामुळे प्रायमर सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यानच.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या. जॅकने उचलून जॅकस्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. चाकं आणि चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर काढा, चिखल तिथेच साठतो. मग प्रेशरच्या पाण्याने धुवा. एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या कित्येक विहिरी मचूळ होतात, आणि त्या पाण्याने धुतलं की आपणच मीठ चढवतो. गोडं पाणी मिळवा, टँकरचं चालेल. दाराखालच्या पोकळ पट्टीची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. मग गाडी दोन दिवस उन्हावाऱ्यात पूर्ण सुकू द्या.

आता स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा तळ ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द आवाज आला की टोकाने हलकं दाबून पाहा. टोक आत गेलं तर तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. तिथे पुट्टी किंवा फायबर भरणं धोक्याचं आहे, विशेषतः जॅक लावायच्या जागी आणि सस्पेन्शनच्या बैठकीशी, कारण तो पत्रा भार उचलतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढा. इंधनाची टाकी, पाइप किंवा सीएनजीचा सिलिंडर जवळ असेल तर हे काम जाणत्या वेल्डरकडेच द्या. तिथे ग्राइंडरही नको, ठिणगी उडते. हाताने तारेचा ब्रश चालवा.

बाकी ठिकाणी ग्राइंडरला तारेचा कप लावून सुटा गंज उडवा, मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा. कंपनीचा मूळ थर जिथे घट्ट आहे तिथे तो खरवडू नका, त्याच्यासारखं संरक्षण घरी मिळत नाही. तिथे कडा उतरत्या करून पृष्ठभाग फक्त खरखरीत करायचा.

बारीक खड्ड्यांत गंज राहतोच. तिथेच रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजावर लावायचं रसायन, लावा, तो गंज काळा पडेल. चकचकीत पत्र्यावर त्याचा उपयोग नाही. कन्व्हर्टर फॉस्फोरिक आम्लाचा असेल तर डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन पूर्ण वाळवा, कारण उरलेलं आम्ल पुढच्या इपॉक्सी प्रायमरला नीट पक्कं होऊ देत नाही. मग स्वच्छ फडक्याने थिनर पुसून घ्या आणि त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावू नका.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सीच घ्या. रेड ऑक्साइड स्वस्त पडतो, पण सतत ओल असलेल्या तळाला तो टिकत नाही. राळ आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, मापाच्या भांड्याने. अंदाजाने घातलं तर थर चिकट राहतो. एका वेळी 200 मिलीच कालवा, जास्त केलं तर उन्हाळ्यात भांड्यातच घट्ट होतं. दोन पातळ हात द्या. पुढचा थर मारायची डब्यावरची मुदत उलटून गेली असेल तर त्याआधी 180 नंबरच्या पेपरने घासा, नाहीतर दोन थर धरत नाहीत. जोडांवर पॉलियुरेथेन सीलंटची रेघ ओढून बोटाने दाबा.

अंडरकोट मारण्याआधी सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ब्रेकच्या डिस्क आणि कॅलिपर, ड्राइव्हशाफ्ट, रबरी बूट, हँडब्रेकची केबल, सेन्सर, ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि निचऱ्याची भोकं कागद-टेपने झाका. सायलेन्सरवर पडलेलं डांबर तापून धुरावतं, ते पेटण्याचीही भीती असते.

अंडरकोट किती लागेल? सुकलेला थर अर्धा मिलिमीटर हवा. द्रावक उडून गेल्यावर थर साधारण निम्मा होतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे एक लिटर. छोट्या गाडीच्या तळाला पाच-सहा लिटर धरा. तो दोन हातांत, मध्ये एक दिवस ठेवून. एकदम जाड मारला तर वर साय धरते, आत द्रावक अडकतो आणि पुढे थर चादरीसारखा सुटून येतो.

मास्क कापडी नको, रासायनिक वाफेच्या फिल्टरचा हवा. हे काम गॅरेजच्या खड्ड्यात करू नका. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते. तिथे श्वास कोंडतो आणि एका ठिणगीने भडका उडतो.

सर्वांत शेवटी, सगळं वाळल्यावर, दाराखालच्या पट्ट्यांत, दारांच्या तळाशी आणि चॅनेलच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स फवारा. गंज बहुतेक वेळा आतूनच येतो, आणि तिथे ब्रश पोचत नाही. आधी वॅक्स मारलं तर रंग धरणार नाही, म्हणून हा क्रम उलटा करू नका. दुसऱ्या दिवशी निचऱ्याची भोकं पुन्हा तारेने मोकळी करा.

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये टॉर्च घेऊन खाली पाहा. खडीने थर उडालेली जागा त्याच आठवड्यात घासून, प्रायमर मारून बुजवा. गाडी पुळणीवर नेली असेल तर त्याच दिवशी तळ गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या आतल्या बाजूने सुरुवात करून.