मूळ प्रत नसताना मूळ पाठ कसा शोधायचा: गावातल्या मंडळासाठी नव्या कराराचा प्रयोग

बायबलमधल्या नव्या कराराच्या 27 पुस्तकांपैकी एकाचीही मूळ प्रत आज कुठे नाही. पौलाने सांगितलं आणि तर्तियाने लिहिलं ते रोमकरांस पत्र नाही, लूकच्या हातचं शुभवर्तमान नाही. आहेत त्या नकलांच्या नकला, नुसत्या ग्रीक भाषेतल्याच पाच हजारांवर. त्यांच्यात हजारो पाठभेद आहेत, आणि तरीही मूळ पाठ काय होता हे बहुतेक ठिकाणी खात्रीने सांगता येतं. नुसतं व्याख्यान ऐकून हे पटत नाही. स्वतः बसून नक्कल उतरवली की पटतं.

विदर्भातल्या वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. म्हाइंभटांनी रिद्धपूरला राहून, चक्रधरांना पाहिलेल्या माणसांना विचारून विचारून लीळाचरित्र उभं केलं. ती मूळ पोथी गेली, आणि पुढे शिष्यांच्या स्मरणातून आणि नकलांमधून पाठ पुन्हा जुळवावा लागला. लूकही आपल्या पहिल्या चार ओळींत तेच सांगतो: आरंभापासून पाहणाऱ्यांनी जे सोपवलं, ते नीट शोधून क्रमाने लिहितो.

माणसं आणि वेळ

सात लिहिणारे आणि एक चालवणारा एवढे पुरतात. चर्चचं बायबल-वर्ग मंडळ असो, वाचनालयातली मुलं असोत किंवा शाळेचा दहावीचा वर्ग. तीन बैठका लागतात, प्रत्येकी साधारण तासभर. कापूस वेचून झाला, चणा-गहू घरात आला की माणसं मोकळी असतात, पण मग ऊनही चढतं. दुपारी बोरूच्या टोकावरच शाई वाळते, म्हणून सकाळी नाहीतर संध्याकाळी बसा आणि डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. पावसाळ्यात उलट होतं. कागद ओल धरतो आणि शाई फुटते.

शाई आणि कागद

जुन्या पपायरसवरची (इजिप्तमधल्या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरची) शाई म्हणजे काजळ, डिंक आणि पाणी. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने प्रमाण दिलं आहे: तीन भाग काजळ, एक भाग डिंक, वजनाने. काजळ हलकं असतं, त्यामुळे चमच्याने मोजलं तर डिंक जास्त होतो. सोनाराच्या काट्यावर किंवा किराणा दुकानातल्या बारीक काट्यावर 3 ग्रॅम काजळ आणि 1 ग्रॅम बाभळीचा डिंक घ्या. सातजणांना भरपूर होतो. जवसाच्या तेलाच्या दिव्यावर पितळी ताटली उपडी धरली की काजळ जमतं. डिंक रात्री थोड्या कोमट पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्याने गाळा. काजळात एकदम पाणी ओतू नका, ते वर तरंगत राहतं. आधी डिंकाच्या पाण्याचे चार-सहा थेंब टाकून खलात दाट लेप होईपर्यंत घोटा, मग पातळ करा. वाळल्यावर बोट फिरवून अक्षर पुसलं गेलं तर डिंक कमी पडला. अक्षर चमकून तडकलं तर जास्त झाला.

साधा ए-फोर कागद चालतो. प्रत्येकाने चार कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडावे, दाभणाने घडीवर तीन भोकं पाडावी आणि दोऱ्याने शिवावं. इथे घाई करू नका, कारण ख्रिस्ती मंडळ्यांनी फार लवकर गुंडाळी सोडून असं शिवलेलं पुस्तक धरलं आणि त्याचे परिणाम त्यांच्या हस्तलिखितांवर स्पष्ट दिसतात. पी-46 हे सुमारे इ.स. 200 चं पौलाच्या पत्रांचं हस्तलिखित आहे. त्याची काही पानं डब्लिनला आहेत, काही मिशिगनला. 52 कागदांची ती एकच जाड घडी होती, म्हणजे 104 पानं. त्यातली 86 उरली आहेत. सुरुवातीची सात गेली तशी शेवटचीही सात गेली, कारण एकाच घडीत बाहेरचा कागद सुटला की पहिलं आणि शेवटचं पान बरोबरच सुटतं. शिवाय असं पुस्तक करताना किती कागद लागतील याचा अंदाज लिहायच्या आधीच करावा लागतो. पी-46 च्या लेखनिकाला जागा पुरणार नाही हे पुढे कळलं असावं, कारण उत्तरार्धात तो पानावर जास्त जास्त ओळी बसवत गेला आहे. तुमच्या घडीतला बाहेरचा कागद काढून घ्या आणि कोणता मजकूर गेला ते मुलांना विचारा. पानांना आधी आकडे घातले असतील तर हे चटकन समजतं.

उतारा निवडणं

योहान 17:11-19 घ्या. त्यात ‘जग’ पुन्हा पुन्हा येतं, ‘जगाचे नाहीत’ ही ओळ दोनदा येते, आणि डोळा घसरायला तेवढं पुरतं. प्रभूची प्रार्थना किंवा स्तोत्र 23 पहिल्या फेरीला अजिबात नको. पाठ असलेला मजकूर माणूस समोरच्या कागदावरून लिहीत नाही, आठवणीतून लिहितो.

चालवणाऱ्याने उतारा मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहावा. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, वचनांचे आकडे नाहीत. ओळी आखूड ठेवा, सोळा ते अठरा अक्षरांच्या. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकनस हस्तलिखितात पानावर तीन रकाने आहेत आणि ओळ साधारण एवढीच आहे. हा कागद म्हणजे ‘अ’.

तीन बैठका

पहिल्या बैठकीत ‘क’ आणि ‘ख’ हे दोघे ‘अ’वरून उतरवतात, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. दुसऱ्या बैठकीत ‘क’च्या प्रतीवरून तिघे उतरवतात: ‘ग’, ‘घ’, ‘च’. ‘ख’च्या प्रतीवरून एकटा ‘छ’. तिसऱ्या बैठकीत ‘ज’ हा ‘ग’वरून उतरवतो, पण शेजारी ‘छ’ची प्रत ठेवून, वाटेल तिथे ती पाहून दुरुस्ती करतो. मग ‘अ’, ‘क’ आणि ‘ख’ लखोट्यात घालून चिकटवून टाका. मंडळापुढे पाचच प्रती राहतात.

चालवणाऱ्याने मध्ये बोलू नये, हे सगळ्यात कठीण जातं. कोणी ओळ गाळताना दिसला तरी गप्प बसा. सुंदर अक्षराला बक्षीस ठेवू नका, नाहीतर चूक झालेलं पान फाडून पुन्हा लिहिलं जातं. ‘समोर दिसतं ते लिहा, अर्थ लागला नाही तरी’ एवढीच सूचना द्या. ती सगळे पाळणार नाहीत, आणि जुन्या लेखनिकांनीही पाळली नव्हती. व्हॅटिकनसमध्ये इब्री 1:3 शेजारी समासात एका नंतरच्या वाचकाने आधीच्या दुरुस्ती करणाऱ्याला झापलं आहे: मूर्खा, दुष्टा, जुना पाठ राहू दे, बदलू नकोस.

वेळ असेल तर एक फेरी सांगून लिहवून घ्या. वऱ्हाडी बोलणाऱ्याच्या तोंडून ‘काळा’चा ‘काया’ आणि ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, आणि लिहिणारा तसंच लिहितो किंवा अंदाजाने ‘सुधारतो’. ग्रीकमध्येही स्वरांचे उच्चार एकसारखे होत गेले, त्यामुळे ‘आमचा’ आणि ‘तुमचा’ यांची अदलाबदल फार झाली. 1 योहान 1:4 मध्ये ‘आमचा आनंद’ की ‘तुमचा आनंद’ हा भेद त्यातलाच.

प्रती ताडून पाहणं

एका वहीत पाच रकाने आखा आणि ओळीओळीने फक्त भेद लिहा. ह्रस्व-दीर्घाच्या चुका वेगळ्या पानावर टाका. त्या दोघांच्या हातून स्वतंत्रपणेही होतात, म्हणून नातं दाखवत नाहीत. नातं दाखवते ती सामाईक विचित्र चूक: तीन प्रतींत नेमके तेच सहा शब्द गळलेले असतील, तर त्यांचा बाप एक.

गाळणूक कशी होते ते 17:15 मध्ये पाहा. ‘तू त्यांना जगातून काढून घ्यावं अशी मी विनंती करत नाही, तर त्यांना दुष्टापासून राखावं अशी करतो.’ ग्रीकमध्ये ‘जगातून’ आणि ‘दुष्टापासून’ या दोन्हींच्या आधी तेच दोन छोटे शब्द येतात. व्हॅटिकनसच्या लेखनिकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर गेली आणि मधलं सगळं गळलं. उरलं ते असं: ‘तू त्यांना दुष्टापासून काढून घ्यावं अशी मी विनंती करत नाही.’ इतकं मोलाचं हस्तलिखित, आणि इथे अर्थ नेमका उलटा. म्हणून कोणतीही एक प्रत डोळे मिटून धरायची नसते.

आता बहुमताचा सापळा. ‘क’ने एखादा शब्द बदलला असेल, तर तो ‘ग’, ‘घ’, ‘च’ या तिघांत येणार, कदाचित ‘ज’मध्येही. चार विरुद्ध एक. तरी ती साक्ष एकाच माणसाची आहे. मंडळात कोणीतरी हात वर करून मतं मोजायला लागेलच. तेव्हा थांबवून आधी वंशवृक्ष काढायला लावा. दोन शाखा दिसल्या की सामना एकास एक होतो, आणि मग विचारायचा प्रश्न हा: कोणत्या पाठापासून दुसरा पाठ निघू शकतो? ‘ज’ अडचणीत टाकतो, कधी या शाखेचा वाटतो, कधी त्या. तसा वाटू द्या. खऱ्या हस्तलिखितांत अशी मिसळ सर्रास आहे.

दोन पाठांपैकी अवघड असेल त्याकडे अभ्यासक कल ठेवतात, त्याचं कारणही इथेच कळतं. मार्क 1:2 मध्ये ‘यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात’ म्हणून जे अवतरण येतं, त्याचा पहिला भाग मलाखी या दुसऱ्या संदेष्ट्याचा आहे. कोण्या लेखनिकाने ते ‘संदेष्ट्यांच्या ग्रंथांत’ असं सोपं करणं समजतं. बरोबर असलेलं मोडून कोणी ‘यशया’ घालणार नाही.

छापील बायबलाकडे

प्रयोग झाल्यावरच मराठी बायबल उघडा, शक्य तर दोन आवृत्त्या शेजारी ठेवून, आणि कंस, तळटिपा पाहा. मार्क 16:9-20 सिनायटिकस (चौथ्या शतकातलंच दुसरं मोठं हस्तलिखित) आणि व्हॅटिकनस या दोन्हींत नाही. योहान 7:53-8:11 त्या दोन्हींत नाही, पी-66 आणि पी-75 या पपायरसवरच्या जुन्या प्रतींतही नाही, आणि काही प्रतींत तो प्रसंग चक्क लूक 21:38 नंतर येतो. लूक 11 मधली प्रभूची प्रार्थना मत्तयातल्या ओळी घालून लांबवलेली प्रतींत सापडते. पाठ असलेल्या मजकुराचा धोका तो हाच. 1 तीमथ्य 3:16 मध्ये ‘जो देहात प्रकट झाला’ की ‘देव देहात प्रकट झाला’, हा फरक एका गोल अक्षराच्या पोटातली आडवी रेघ आणि वरची संक्षेपाची रेघ एवढ्यावर आहे, कारण देवाचं नाव दोन अक्षरांत आखडून वर रेघ मारायची पद्धत होती. सिनायटिकसमध्ये आधी ‘जो’ होतं, नंतरच्या हाताने ‘देव’ केलं. ब्रिटिश लायब्ररी आणि इतर संस्थांनी 2009 पासून हे हस्तलिखित इंटरनेटवर खुलं केलं आहे. मोबाइलवर ते पान मोठं करून सगळ्यांना पाहू द्या.

कोणी घाबरून विचारेल, मग श्रद्धेचं काय? उत्तर टाळू नका. बहुसंख्य भेद स्पेलिंगचे आणि शब्दक्रमाचे आहेत, अर्थाला धक्का लावणारे थोडे, आणि ते कुठे आहेत हे आज कोणीही पाहू शकतो.

पाच प्रती प्लास्टिकच्या पिशवीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा, वाळवी आणि ओल दोन्हींची काळजी लागते. पुढच्या वर्षीच्या मंडळाला त्याच द्या. त्यांचा वंशवृक्ष आणि जुळवलेला पाठ तारखेसह वहीत लिहून झाल्याशिवाय लखोटा फोडू नका.