हिवाळ्यात गडावर रात्र काढायचीये? आधी मेंढपाळांचं बघा

डिसेंबर आला की पुण्यात सगळ्यांना राजगड नाहीतर हरिश्चंद्रगड आठवतो आणि ग्रुपवर तेच सुरू, जॅकेट कुठलं घेऊ, स्लीपिंग बॅग किती डिग्रीची. घ्या की, पण यातलं काहीच नसताना मध्ययुगात युरोपातले मेंढपाळ बर्फाच्या डोंगरात निभावायचे, त्यांच्या बऱ्याच युक्त्या आपल्याला जशाच्या तशा चालतात.

त्यांची पहिली युक्ती म्हणजे कडाक्यात वर थांबायचंच नाही. फ्रान्स आणि स्पेनच्या मधे पिरेनीज डोंगर आहेत, तिथल्या मोंतायू गावचा पिएर मोरी नावाचा मेंढपाळ, याची माहिती मिळते कारण १३१८ ते १३२५ मध्ये एका बिशपने धर्मचौकशी चालवली आणि लोकांच्या जबान्या लिहून ठेवल्या. तर हे लोक उन्हाळाभर वरच्या कुरणात आणि हिवाळ्यात कळप घेऊन खाली उबेला. स्पेनमध्ये तर १२७३ साली राजाने मेंढपाळांच्या संघटनेला सनद दिली होती, इतकं हे ये-जा करणं मोठं प्रकरण होतं. आपले धनगरही दिवाळीनंतर वाडा म्हणजे कळप आणि बिऱ्हाड घेऊन घाट उतरतात, ते मुख्यतः चाऱ्यासाठी, पण कोकणात थंडीही कमीच. म्हणून लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर पायथ्याच्या गावात झोपा आणि पहाटे चढा, त्यात काही कमीपणा नाही.

वर राहायचंच असेल तर लोकर. मेंढपाळाच्या अंगावर मुख्यतः लोकरच असायची, आणि कापड विणून झालं की ते ओलं करून तुडवायचे, त्याने धागे एकमेकांत घट्ट बसतात आणि वारा आत येत नाही. लोकर वजनाच्या साधारण ३० टक्के ओल पिऊन घेते तरी अंगाला ओली लागत नाही, वर तिच्यात मूळचं तेल राहिलं असेल तर दव घसरून जातं. कॉटनचं उलटं आहे, चढताना टीशर्ट घामाने भिजतो आणि माथ्यावर वारा लागला की दात वाजायला लागतात. त्यामुळे चढताना कमी कपडे घाला, थोडं गार लागलं तरी चालेल, वर पोचल्या पोचल्या आतला टीशर्ट बदला आणि मगच वरचे थर चढवा. जीन्स तर घरीच ठेवा प्लीज.

घोंगडी असेल तर बेस्ट. चिंचोक्याची खळ दिलेली असते म्हणून नवी असताना ताठ असते आणि टोचते, टोचू द्या. निम्मी खाली अंथरायची, निम्मी वर, कारण जमीन अंगातली ऊब जास्त खेचते हे लोक विसरतात आणि तीन-तीन पांघरुणं वरूनच घेतात. खाली सुकं गवत घातलं तर अजून छान. चालताना डोक्यावरून खोळ करून घ्या, धनगर पावसात घेतात तशी. नसेल तर भीमथडीसारख्या जत्रेत शोधा, पण हाताने विणलेली बघून घ्या.

जागा निवडताना एकच, थंड हवा जड असते, रात्री उताराने खाली वाहून खोलगट जागी साचते, म्हणून नाल्याच्या तळाशी झोपू नका आणि उघड्या माथ्यावरही नको, वाऱ्याच्या आडोशाला थोडं वर. पिरेनीजमधले मेंढपाळ झोपडीत बरेच जण एकत्र राहायचे, तिथेच चीज बनवायचे, तुम्हीही तंबूत दाटीवाटीने झोपा.

झोपायच्या आधी पोटभर खा, शेंगदाणा-गूळ, तूप घातलेली खिचडी असलं काहीतरी. दारूने गरम वाटतं पण कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होऊन आतली ऊब बाहेर जाते. गडावर जाळ करू नका, सुकं गवत भरभर पेटतं, आणि कोळशाची शेगडी तंबूत तर अजिबात नेऊ नका, तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड गॅस वासाने कळत नाही आणि झोपेतच माणूस जातो. त्यापेक्षा स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि पायाशी घेऊन झोपा.